ढोल उशिरा येतो तेव्हा

हिवाळ्यात नंदुरबार शहराबाहेर पडलं की मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मोकळ्या माळावर लांबवर लाल मिरची वाळत पडलेली असते. कडेला ओळीनं बसून बाया देठ खुडत असतात, तोंडाला पदर घट्ट बांधलेला, कारण ठसका थेट घशात उतरतो. कुठंतरी पोत्याच्या आडोशाला मोबाइल नाहीतर छोटा स्पीकर वाजत असतो. गाणी अहिराणी असतात, गुजराती असतात, भिली-पावरी असतात, मधूनच एखादं जुनं हिंदी. भाषा कुठलीही असो, विषय फिरून फिरून तिथंच येतो. ती दुसऱ्याची झाली. तिच्या बापानं दुसरीकडं सोयरीक जुळवली. तो सुरतेला कामाला गेला आणि तिकडचाच झाला.

या गाण्यांत दुःख भरपूर असतं, पण ताल पहिल्या ठोक्यापासून असतो. ती लग्नात वाजायची असतात, आणि लग्नात थांबायला कुणाला वेळ नसतो. नवापूर-विसरवाडीकडं रोडालीचं नाचगाणं लागलं की रात्रभर पाय हलत राहतात. पूर्वी तिथं ढोल होता, आता की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आलेत. गाणारा सांगतो, माझं काळीज फाटलं, आणि समोरचा घोळका त्याच तालावर फेर धरतो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, आपल्याकडं कुणाला वाटत नाही.

अशाच एका वाजवणाऱ्यांच्या पार्टीत माझा एक भाचा की-बोर्ड वाजवतो. त्याला मी एकदा इंग्रजी गाणं ऐकवलं. पियानो सुरू झाला, एक माणूस हळू आवाजात काहीतरी सांगू लागला. भाच्यानं थोडा वेळ कान दिला आणि विचारलं, ‘मामा, ह्या गानामा ढोल कव्हय येस?’

त्याला इंग्रजीचा एक शब्द कळला नव्हता, पण प्रश्न नेमका होता. या जातीच्या गाण्यांबद्दल विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच आहे.

ते गाणं ‘सेव्ह मी’. ब्रिटनमधल्या ‘क्वीन’ या बँडनं ते १९७९मध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि जानेवारी १९८०मध्ये बाजारात आणलं. प्रेम मोडल्यावर एकटा उरलेला माणूस मला यातून सोडवा म्हणतोय, एवढाच त्याचा मजकूर. या बँडची चारदोन गाणी क्रिकेटच्या मैदानावर आणि जाहिरातींत वाजून वाजून आपल्याही कानावर पडलेली आहेत. हे मात्र सहसा पडलेलं नसतं.

इंग्रजी रॉकमध्ये ‘पॉवर बॅलड’ नावाचा एक प्रकार आहे. बॅलड म्हणजे संथ चालीचं, बहुधा प्रेमाचं गाणं, आणि पॉवर म्हणजे रॉकचा सगळा दणका. ढोबळ आराखडा ठरलेला असतो. सुरुवातीला पियानो किंवा एकटी गिटार आणि दबका आवाज. मग बेस. मग ड्रम. ध्रुवपदाशी सगळे एकदम. मध्ये गिटारचा एकट्याचा तुकडा, शेवटी पुन्हा ध्रुवपद, आधीपेक्षा मोठ्यानं. कागदावर हे पाककृतीसारखं दिसतं, आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या लांब केसांच्या बँडनी ते तसंच वापरलं. नऊ गाणी आरडाओरड्याची आणि दहावं रडकं, असे अल्बमच्या अल्बम निघाले. ते दहावंच रेडिओवर चालायचं, म्हणून कंपन्यांना ते हवंच असायचं.

सुरुवात मात्र अशी ठरवून झाली नव्हती. १९७२मध्ये ‘कार्पेंटर्स’ या बहीण-भावाच्या जोडीनं ‘गुडबाय टू लव्ह’ नावाचं गाणं काढलं. कॅरन कार्पेंटरचा आवाज मऊ, घरंदाज. तो संपतो न संपतो तोच टोनी पेलुसो नावाच्या गिटारवादकाचा खरखरीत, फाटका स्वर आत घुसतो. असल्या सोज्वळ गाण्यात असली गिटार तेव्हा कुणी ऐकली नव्हती. पुष्कळ जण पॉवर बॅलडची सुरुवात तिथून धरतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘नाझरेथ’ या स्कॉटिश बँडनं ‘लव्ह हर्ट्स’ गायलं. मूळ गाणं एव्हर्ली बंधूंचं, १९६०चं, अगदी सौम्य. नाझरेथनं ते घसा फोडून गायलं आणि तीच आवृत्ती जगभर चालली. १९८४मध्ये जर्मनीच्या ‘स्कॉर्पियन्स’चं ‘स्टिल लव्हिंग यू’ आलं. ‘सेव्ह मी’ या सगळ्यांच्या मधोमध येतं. प्रकार ओळखीचा झाला होता, पण त्याचा साचा अजून पडला नव्हता. मला ते आवडण्यामागं हेही एक कारण असावं.

आता हे गाणाऱ्या माणसाबद्दल. नंदुरबारहून मुंबईला सुरतेच्या बाजूनं गेलात तर गाडी आधी नवापूरला लागते. त्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पुढं तापीच्या खोऱ्यातून गाडी उधन्याला मुख्य मार्गावर येते, दक्षिणेकडं वळते, नवसारी मागं पडतं आणि वलसाड येतं. जुन्या इंग्रजी कागदांत या गावाचं नाव बुलसार. तिथले पारशी ते बुलसारा. त्यांतलंच एक कुटुंब आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ झांझिबार बेटावर नोकरीनिमित्त राहत होतं. तिथं ५ सप्टेंबर १९४६ला फारूख बुलसारा जन्मला. वयाच्या आठव्या वर्षी आईबापांनी त्याला बोटीनं हिंदुस्थानात पाठवलं, सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथं तो पियानो शिकला आणि त्याच्या चौथ्या इयत्तेच्या परीक्षेपर्यंत पोचला. बॉक्सिंग केलं, नाटकांत कामं केली. १९५८च्या सुमारास त्यानं चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळेचा बँड काढला. त्यात तो मुख्य गायक नव्हता. गायचा ब्रूस मरे. फारूख पियानो बडवायचा आणि मागून साथीला गायचा. त्या बँडमधला फरांग इराणी पुढं पुण्यात सिझलर्सचं हॉटेल चालवत होता, आणि व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला.

फारूख शाळेतच फ्रेडी झाला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो झांझिबारला परतला. १९६४मध्ये तिथं क्रांती झाली आणि कुटुंबानं जीव वाचवत लंडनजवळचं फेल्टम गाठलं. १९७०मध्ये त्यानं ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत क्वीन उभा केला आणि आडनाव मर्क्युरी लावलं. पुढच्या वर्षी बेस वाजवणारा जॉन डीकन येऊन मिळाला. ही चौकडी १९९१मध्ये मर्क्युरी वारेपर्यंत बदलली नाही. चौघंही गाणी लिहायचे, आणि चौघांचीही गाणी खपाच्या यादीत पहिल्या नंबरापर्यंत गेली. असे बँड फार नाहीत.

‘सेव्ह मी’ लिहिलं ब्रायन मेनं. त्याच्या एका मित्राचं घर मोडलं होतं, त्यावरून त्याला ते सुचलं. १९७९च्या उन्हाळ्यात बँड म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत राइनहोल्ड माक या निर्मात्याबरोबर काम करत होता. त्याच बैठकींत मर्क्युरीचं ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ झालं. हॉटेलात अंघोळ करताना दहा मिनिटांत सुचलेलं, एल्व्हिसच्या धाटणीचं हलकंफुलकं गाणं. ते आधी बाजारात आलं आणि अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. १९८०च्या उत्तरार्धात डीकनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आलं, तेही अमेरिकेत पहिलं. ‘सेव्ह मी’ या दोघांच्या मध्ये सापडलं. ब्रिटनमध्ये ते अकराव्या नंबरापर्यंत चढलं आणि उतरलं. ३० जूनला ‘द गेम’ हा अल्बम निघाला तेव्हा ते दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी लावलं होतं, तबकडी उचलायची वेळ होते तिथं.

गाणं दुर्लक्षित राहिलं म्हणजे कुणी ऐकलंच नाही असं मात्र नाही. क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा १९८१चा संग्रह ब्रिटनमधला आजवरचा सर्वांत खपलेला अल्बम आहे. २०२२मध्ये त्यानं तिथं सत्तर लाखांचा आकडा ओलांडला, तो ओलांडणारा पहिलाच. त्या संग्रहात ‘सेव्ह मी’ आहे. म्हणजे ब्रिटनमधल्या लाखो घरांत ते होतं. अमेरिकेत निघालेल्या त्याच नावाच्या संग्रहातून मात्र ते वगळलं होतं. आणि जिथं घरात होतं तिथंही त्याला सख्ख्या भावंडांनी झाकून टाकलं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ज्या तबकडीवर आहे तिच्यावर दुसऱ्या कुणाचं काय चालणार!

गाणं पावणेचार मिनिटांच्या जरा पुढं जातं. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, कारण त्याचं निम्मं काम हळू जागांत आहे.

पियानो मेच वाजवतो. मर्क्युरी त्याच्यापेक्षा सरस पियानो वाजवायचा, तरी इथं त्यानं फक्त गायचं ठरवलेलं दिसतं. पियानोत काही करामत नाही. स्वरांचे साधे गुच्छ, गाणाऱ्याला पायाखाली जमीन असावी एवढ्यापुरते. पहिल्या कडव्यात मर्क्युरी जवळजवळ बोलतो. आपली जोडी लोकांना किती छान वाटायची, हे तो एखादा जुना हिशेब वाचावा तसा सांगतो, सपाटपणे, तक्रार न करता. आवाज खालच्या पट्टीत आणि श्वास ऐकू येईल इतका जवळ. मग हिशेबात खोट सापडते. इतक्या वर्षांची माया नुसतं सोंग होतं, अशा अर्थाच्या ओळीपाशी चाल वर सरकू लागते, ड्रमचा जोर वाढतो, आणि वाक्य पुरतं संपायच्या आत आपण ध्रुवपदात जाऊन पडतो.

ध्रुवपदात शब्द थोडे आहेत, त्यातही शीर्षकाचेच दोन पुन्हा पुन्हा. इथं एक गंमत कानात भरते. कडव्यात एकच आवाज होता, ध्रुवपदात तो एकदम पुष्कळ होतो. मर्क्युरी, मे आणि टेलर आपापले आवाज एकावर एक ध्वनिमुद्रित करून त्यांचा जाड थर करायचे. क्वीनची ती ओळखच होती. पण बाकीच्या गाण्यांत हा थर थाटासाठी येतो, समूहगानासारखा. इथं एकटा पडलेला माणूस हाक मारतो आणि त्याच्याच हाकेला अनेक तोंडं फुटतात, मदतीला मात्र कुणी येत नाही. एकटेपण दाखवायला समूहस्वर वापरायचा, ही युक्ती मला या गाण्यातली सर्वांत धीट वाटते.

नंतर गाणं पुन्हा खाली उतरतं. साधे बँड हे विसरतात. एकदा वर गेले की तिथंच राहतात, आणि कान बधिर झाला की मोठ्या आवाजाला मोल उरत नाही. ‘सेव्ह मी’चं दुसरं कडवं पहिल्याच पायरीवरून सुरू होतं, फक्त सांगणारा आता तोच राहिलेला नाही. पहिल्यांदा तो आठवत होता, आता स्वतःची किंमत करतोय. हा जीव विकायचा आहे, नाहीतर भाड्यानं द्यायचा आहे, अशा अर्थाची एक कडवट ओळ तिथं आहे. रॉकच्या प्रेमभंगात असा बाजारू, स्वतःलाच टोचणारा विनोद क्वचित सापडतो. मर्क्युरी तीवर जोर देत नाही. सांगून पुढं जातो.

मग गिटार. मे जी गिटार वाजवतो ती त्यानं आणि त्याच्या वडिलांनी १९६३पासून घरच्या घरी बनवली. गळ्याचं लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, आतल्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या. तार छेडायला प्लास्टिकच्या पट्टीऐवजी तो इंग्रजी सहा पेन्सचं नाणं वापरतो. नाण्याची कड दातेरी असल्यानं स्वराच्या सुरुवातीला बारीकशी खरखर येते, व्यंजनासारखी, म्हणून त्याची गिटार बोलल्यासारखी वाटते. या गाण्यातला त्याचा तुकडा आखूड आहे. बोटांचा वेग दाखवायची संधी समोर असून त्यानं ती सोडली. चाल अशी आहे की तुम्ही ती गुणगुणू शकता. कडव्यात जे सांगायचं राहिलं होतं ते गिटार सांगते, आणि संपता संपता गाणाऱ्याला हात धरून शेवटच्या ध्रुवपदापर्यंत आणून सोडते.

त्या काळी गाण्याबरोबर चित्रफीत काढायची पद्धत पडत चालली होती. दिग्दर्शक कीथ मॅकमिलननं डिसेंबर १९७९मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ती चित्रित केली. बँड वाजवतोय आणि मध्येमध्ये रेखाटलेली एक बाई आणि कबुतर. प्रयोग त्या काळाच्या मानानं नवा असेल, पण मला ते कबुतर कधीच पटलं नाही. डोळे मिटून ऐकलेलं बरं.

मग हे मागं का राहिलं? दोन मोठ्या यशांमध्ये चेंगरलं, हे एक कारण झालं. मला दुसरं महत्त्वाचं वाटतं. क्वीनची जी गाणी अमर झाली, त्यांतल्या बहुतेकांत ऐकणाऱ्याला काहीतरी काम दिलेलं आहे. ‘वी विल रॉक यू’मध्ये दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. ‘रेडिओ गा गा’त दोन्ही हात वर करून टाळ्या. ‘वी आर द चॅम्पियन्स’मध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर हात. अगदी ‘लव्ह ऑफ माय लाइफ’सारखं प्रेमभंगाचं नाजूक गाणंसुद्धा मैफलीत लोकच गायचे. १९८५मध्ये रिओत मर्क्युरीनं ते अफाट गर्दीच्या हवाली केलं आणि आपण ऐकत उभा राहिला. या माणसाला गर्दीकडून गाऊन घ्यायची विलक्षण हातोटी होती. त्याच वर्षी १३ जुलैला ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीतल्या वीस-बावीस मिनिटांत त्यानं वेम्ब्ली स्टेडियम जे हलवलं, त्याच्या गोष्टी अजून सांगतात. त्या दिवशीच्या गाण्यांत ‘सेव्ह मी’ नव्हतं, आणि नव्हतं ते बरोबरच होतं. या गाण्यात तुम्हाला करण्यासारखं काहीच नाही. टाळी वाजवली तर ती विचित्र वाटेल. एकट्यानं एकट्यासाठी गायलेलं गाणं स्टेडियमच्या बँडकडं होतं, आणि स्टेडियमनं ते विसरून जावं हे ओघानंच आलं.

दुसरी एक अडचण पाश्चात्त्य रसिकाची आहे, आपली नाही. रॉक ऐकणारा माणूस गाण्यात गायकाचं चरित्र शोधतो. हे कुणावर लिहिलं? त्याला कोण सोडून गेलं? ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ मर्क्युरीनं स्वतः लिहिलं, म्हणून त्यामागं त्याच्या प्रेयसीचं, मेरी ऑस्टिनचं, नाव जोडता येतं, गोष्ट पुरी होते. ‘सेव्ह मी’त दुःख एका मित्राचं, शब्द मेचे, आवाज मर्क्युरीचा. चरित्र लिहिणाऱ्याला इथं हाती काही लागत नाही. ध्रुवपदात घरापासून लांब पडल्याची भावना आहे, तिथं आठव्या वर्षी बोटीत बसवलेला मुलगा आठवायचा मोह मलाही होतो. पण तो शब्द त्याचा नाही, मेचा आहे, आणि मे वाढला लंडनच्या उपनगरात.

मराठी माणसाला यात अडखळायचं कारण नाही. आपल्याकडं दुसऱ्याचं दुःख तिसऱ्यानं गायचं ही रीतच आहे. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी विरहिण्या लिहिल्या, बाईच्या तोंडून. सातशे वर्षांनी हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या आणि लताबाईंनी त्या गायल्या. विरह नक्की कुणाचा, असं कुणी विचारलं नाही. ‘भातुकलीच्या खेळामधली’ हे भावगीत घ्या. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दातेंचा. मोडलेल्या डावाचं ते गाणं ऐकताना यांपैकी कुणाचा डाव मोडला होता याची चौकशी आपण करत नाही. तो आपलाच असतो.

पाश्चात्त्य संगीतातही याची उदाहरणं आहेत. ‘विदाउट यू’ हे प्रेमभंगाचं गाणं हॅरी निल्सननं १९७२मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेलं, पुढं मराया कॅरीनं १९९४मध्ये पुन्हा जगभर केलं. मूळ गाणं ‘बॅडफिंगर’ या बँडचं, १९७०मधलं, आणि ते दोन अर्धवट गाण्यांचं जोडकाम होतं. कडवं पीट हॅमचं, ध्रुवपद टॉम इव्हान्सचं. दोघांची दुःखं वेगळी, शिवण दिसत नाही. बॅडफिंगरची मूळ आवृत्ती आज फार थोड्यांना माहीत आहे. पैशांच्या व्यवहारात बँड पुरता नागवला गेला आणि पुढं त्या दोघांनीही आत्महत्या केली, हॅमनं १९७५मध्ये, इव्हान्सनं १९८३मध्ये.

तर मराठी भावगीत आणि पॉवर बॅलड यांत फरक दुःखाच्या मालकीचा नाही, उंचीचा आहे. भावगीत बहुधा एकाच पातळीवर राहतं. दाते पहिल्या ओळीत जितक्या आवाजात गातात तितक्याच शेवटच्या ओळीत. गाण्यातलं दुःख घरातल्या माणसासारखं, शेजाऱ्याला कळू न देता वावरतं. त्याचं सौंदर्य तेच आहे. पॉवर बॅलडला मात्र शेजाऱ्याची भीड नाही. ते कुजबुजत सुरू होतं आणि गल्ली गोळा करतं.

असं काही आपल्याकडं नाहीच असं मात्र समजू नये. १९५२च्या ‘बैजू बावरा’तलं रफीचं ‘ओ दुनिया के रखवाले’ आठवा. शकील बदायुनींचे शब्द, नौशादची चाल, दरबारीच्या अंगानं जाणारी. प्रेयसी गौरीच्या वियोगानं उद्ध्वस्त झालेला बैजू देवालाच जाब विचारतो. सुरुवात खालच्या, गंभीर स्वरांत. मग एकेका कडव्यागणिक रफी वर सरकतो, आणि शेवटी तार सप्तकात अशा जागी जाऊन उभा राहतो की ऐकणाऱ्याचीच नस ताणली जाते. यात विजेची गिटार नाही, ड्रम नाहीत. पण हाक तीच आहे, मला वाचवा, आणि आवाज राखून ठेवायची हिकमतही तीच. ज्याला हे गाणं कळतं त्याला ‘सेव्ह मी’ परकं वाटायचं काही कारण नाही. फरक एवढाच की रफी सुटतो तो पुन्हा खाली येत नाही, मर्क्युरी येतो. रफीसमोर देव आहे, कुणीतरी ऐकणारं आहे. मर्क्युरीची हाक कुणाला उद्देशून आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. सोडून गेलेल्या तिलाच असेल, तर तिच्याकडं जाऊन पुन्हा तेच खोटं मागायला तो तयार आहे, हेही त्यात आलं. त्या खोट्यावर आपला अजून विश्वास आहे, हे तो गाण्यात एका ओळीत कबूलही करतो.

भाच्याला मी नंतर रफीचंही गाणं लावून दाखवलं. ते त्याला पाठ होतं, बापाकडून आलेलं. मग त्यानं ‘सेव्ह मी’ परत लावायला सांगितलं, आणि या वेळी ढोलाबद्दल न विचारता ड्रम वाढतो ती जागा दोनदा मागं घेऊन ऐकली. पुढच्या लग्नात त्यानं एका अहिराणी गाण्याच्या सुरुवातीला नुसता की-बोर्ड ठेवून पाहिला. चार ओळींत लोक कंटाळले, कुणीतरी ओरडलं, आणि ऑक्टोपॅड सुरू करावा लागला. त्यांचंही बरोबर होतं. रात्री एक वाजता नाचायला उभ्या राहिलेल्या माणसांना थांबवून दुःख ऐकवायचं नसतं. त्याची जागा दुसरी.

क्वीननं हे गाणं रंगमंचावर कसं केलं ते पाहायचं असेल तर नोव्हेंबर १९८१मधल्या माँट्रियलच्या मैफलीचं चित्रण मिळतं. त्यात गर्दी आहे, दिव्यांचा लखलखाट आहे, मर्क्युरी ऐन भरात आहे. या गाण्याला मे गिटार सोडून पियानोवर बसतो. मर्क्युरीच्या हातात त्याची ती अर्धी काठी, माइकच्या स्टँडचा वरचाच तुकडा. एरवी तो ती भाल्यासारखी, तलवारीसारखी, गिटारसारखी नाचवतो आणि तिच्या इशाऱ्यावर लोकांकडून काहीही करून घेतो. पियानोपाशी बसलेल्या मेला गिटारच्या तुकड्यासाठी उठून गिटार हातात घ्यावी लागते, कारण दोन्ही कामं त्याचीच. स्टुडिओत थर देऊन जे साधलं होतं ते तिथं तीन गळ्यांवर भागवावं लागतं. त्यामुळे ध्रुवपद जरा विरळ येतं, आणि मला ते विरळच जास्त आवडतं. त्याच मैफलीत ‘वी विल रॉक यू’ही आहे. आधी ते पाहून घ्यावं, मग हे.